म्हाळसेचा ओटा

उंबरतळ्यात शिरताना डाव्या हाताला तळ्याचा बांध लागतो. बांध उतरला की समोर हा ओटा. घडीव दगडाचा, छातीइतका उंच, तीन पायऱ्यांचा. वर छप्पर नाही, खांब नाहीत, देव नाही. चार कोपऱ्यांत खांबांचे चार खळगे तेवढे उरलेत. पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं आणि चिमण्या अंघोळीला येतात. घाट चढून आलेला पाहुणा दमलेला असतो, उंबराची सावली ओट्यावरच पडलेली असते, म्हणून तो सरळ वर चढायला जातो. तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं, "तिथं नका बसू. इकडं या, पारावर टेका." का म्हणून विचारलं तर तरुण मंडळी हसून विषय बदलतात. म्हातारी माणसं मात्र पाहुण्याला पाणी देतात, बसवतात आणि सांगतात.

गोष्ट फार जुनी. त्या काळी या ओट्यावर चावडी होती, आणि चावडीत हैबत पाटील बसायचा. शेतसारा तोच घ्यायचा, भांडणं तोच तोडायचा आणि पेरणीच्या दिवसांत अख्ख्या गावाला आधी आपल्या रानात फुकट राबवायचा. जो यायचा नाही त्याला चावडीपुढं उन्हात ओणवं करून पाठीवर दगड ठेवायचा.

गावात म्हाळसा नावाची सुईण होती. अंगानं काटक, बोलायला तिखट, हाताला गुण. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. तिचा नवरा सुभाना. एका वर्षी म्हाळसा स्वतःच बाळंत झाली, मुलगा झाला, आणि आठव्या दिवशी पाटलाचा सांगावा आला. सुभानानं निरोप धाडला की घरात करायला दुसरं कुणी नाही, चार दिवसांनी येतो. दुपारी त्याला धरून नेलं. संध्याकाळी दगड उतरवायला माणसं गेली तेव्हा सुभाना ओणवाच्या ओणवा कोसळला होता. तो पुन्हा उठला नाही.

म्हाळसा आठ दिवसांचं पोर पदरात घेऊन चावडीपुढं आली. रडली नाही म्हणे. तिनं तो दगड उचलला, पाटलाच्या वाड्यापर्यंत नेला आणि दाराला लावून ठेवला. मागोमाग सुभानाच्या भावानं एक दगड आणून ठेवला. मग आणखी कुणी. कुणी कुणाशी बोललं नाही. दिवस मावळेपर्यंत दार उघडता येऊ नये एवढा ढीग झाला. हैबत पाटील बायकापोरांसह मागच्या भिंतीवरून उतरला आणि घाटाखाली निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गावानं चावडीचं छप्पर उतरवलं, खांब उपटले. ओटा तेवढा जड, तो राहिला. सगळे तळ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहिले, आणि म्हाळसेनं ओंजळीत पाणी घेऊन शपथ घातली : "आजपासून या गावात कुणी कुणाच्या वर बसायचं नाय. जो या वट्यावर बसंल त्याचा वंश बुडंल." सगळ्यांनी पाणी सोडलं.

सरकार आलं कसं नाही, असं पाहुणे हमखास विचारतात. तेव्हा घाटावर एकाची सत्ता होती आणि घाटाखाली दुसऱ्याची. हे एवढंसं गाव मधल्या खोबणीत. वरच्याला वाटे ते खालच्याचं, खालच्याला वाटे ते वरच्याचं. बावीस वर्षं कुणीही फिरकलं नाही.

ती बावीस वर्षं गावानं कशी काढली, हे सांगताना आजही म्हाताऱ्यांचा आवाज मऊ होतो. घरांना कड्या होत्या, पण कुलूप कुणाकडं नव्हतं. भांडण झालं की सगळे बांधावर बसायचे आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत उठायचं नाही, एवढा एकच नेम. एकदा दोन भावांच्या बांधावरच्या आंब्यावरून बैठक चार दिवस चालली. घराघरांतून भाकरी यायच्या, पोरं तिथंच झोपायची. चौथ्या दिवशी थोरला भाऊ म्हणाला, "घे बाबा तुला आंबा, माझी कंबर धरली," आणि सगळं गाव हसत घरी गेलं. धाकट्यानं त्या वर्षी पहिली पाटी थोरल्याच्या दारात नेऊन ओतली. मीठ विकायला येणारा एक व्यापारी विचारायचा, "तुमच्यात पाटील कोण?" म्हाळसा त्याला म्हणायची, "तहान लागली की आम्ही पाणी पितो. त्याला पाटील कशाला लागतो?"

ती हे अभिमानानं म्हणायची. सुभाना गेला तो फुकट गेला नाही, असं तिला या बावीस वर्षांकडं बघून वाटायचं. मुलगा येसजी मोठा झाला, त्याचं लग्न झालं, घरात नातू आला. पाटील परत येईल या भीतीनं रात्री निजताना ती कधी घाटाच्या बाजूला बघायचीच नाही.

तळ्याची राखण लुमाजी करायचा. तो मूळचा परगावचा, उंबरतळ्याची मुलगी चिमा हिच्याशी लग्न करून इथंच राहिलेला. त्याला कुणी नेमलं नव्हतं. तळ्याच्या तळाशी मोरी होती, मोरीच्या तोंडात लाकडी दट्ट्या आणि दट्ट्याला उंच दांडा. दांडा वर ओढला की पाटाला पाणी सुटायचं. घर गावात, पण लुमाजी बांधावर खोपट करून तिथंच बसायचा आणि दांड्यावर नजर ठेवायचा. कुणी आपल्या पाळीपेक्षा घडीभर जास्त पाणी घेतलं की त्याच्या रानात जाऊन तोंडावर सांगायचा, "तुमचं झालं. आता बंद करतो." आवाज चढवायचा नाही, पण हसायचाही नाही. त्याचं बोलणं खरं असायचं आणि म्हणूनच लोकांच्या मनात राहायचं. साऱ्या गावात 'नाही' म्हणणारा तो एकटा माणूस होता.

तेविसाव्या वर्षी पाऊस आला नाही. माघातच तळं अर्ध्यावर आलं. आणि एका सकाळी गाव उठून बघतं तो मोरी मोकळी, पाटाला पूर, पाणी ओढ्यातून घाटाखाली चाललेलं. दांडा पाण्यावर तरंगत होता. लुमाजी मोरीच्या तोंडात गवत, माती, आपलं घोंगडं कोंबत होता. पाणी थांबेपर्यंत दोन महिन्यांचं पाणी गेलं.

"दट्ट्या मोडला," लुमाजी म्हणाला. "खालून कुजला असंल. गाळात असंल त्याचा तुकडा. दोघं दोरी धरा, मी उतरून काढतो."

कुणी दोरी धरली नाही. नाही असंही कुणी म्हटलं नाही. उतरायचं ठरवणार कोण? दांडा मोडलाय की उपटलाय, हे बघायला तो हातात घेणार कोण? त्या दिवशी बैठक भरली आणि पहिल्यांदाच एकमत न होता उठली. परतताना कुणीतरी म्हणालं की खालच्या गावानं लुमाजीला पाण्याचं चांगलं मोल दिलं असेल. कोण म्हणालं ते पुढं कुणालाच आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिमा शेजारणीकडं विस्तव मागायला गेली. शेजारीण म्हणाली, "आमचाच इझलाय बाई." चुलीतून धूर निघत होता. पुढच्या दारातही तेच. लुमाजी पारावर आला की माणसं हळूहळू उठायची. त्याच्या पाळीचं पाणी त्याच्या रानाच्या अलीकडंच संपायचं. म्हाळसा दारोदार फिरली. "त्याला वाळीत टाकायचं कुणी ठरवलं?" तिनं विचारलं. प्रत्येकानं खरं तेच सांगितलं : "कुणीच नाय, काकू. सगळे करत्यात म्हणून आम्ही करतो."

"मग सगळ्यांना सांगितलं कुणी?"

"कुणीच नाय."

हैबत पाटलाच्या दारात दगड नेऊन ठेवायला तिला दार तरी सापडलं होतं. इथं दार कुठलं, हे तिला कळेना.

चिमाचे दिवस भरत आले होते. चैत्रातल्या एका भर दुपारी लुमाजी म्हाळसेच्या अंगणात आला. तो आयुष्यात कुणापुढं वाकला नव्हता. तो उंबऱ्याशी खाली बसला. "काकू, पोर आडवं आलंय. चला."

म्हाळसा उठलीच. पण येसजी दारात उभा राहिला. "आये, तू गेलीस तर उद्या आपल्याला कुणी इस्तू द्यायचं नाय. घरात तान्हं हाय."

"बाजूला हो," म्हाळसा म्हणाली आणि निघाली.

लुमाजी पुढं धावत गेला. म्हाळसा गल्लीच्या मध्यावर आली. दोन्ही बाजूंच्या दारांत बायका उभ्या होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींची बाळंतपणं तिनं केली होती. कुणी तिला अडवलं नाही. नुसत्या बघत होत्या. आणि जिच्या दारावरून ती जाई, ती तिच्याकडं बघता बघता आपलं दार लावून घेई. एक दार, दुसरं दार, तिसरं. चौथ्या दारापाशी म्हाळसेचे पाय थांबले. तिला घरातला नातू दिसला, थंड चूल दिसली. ती माघारी फिरली. घरात जाऊन तिनं कानांवर हात घेतले, पण गाव लहान आहे, आणि चिमा दिवस मावळेपर्यंत ओरडत होती.

चिमा गेली, पोटातलं पोरही गेलं. खांदा द्यायला चौघं आले नाहीत. लुमाजीनं बायकोला पाठीशी बांधलं आणि एकट्यानं ओढ्यापलीकडं नेलं. परत आला तो घरी गेला नाही. या ओट्याच्या पायरीखाली येऊन बसला. गाव जमलं.

"एक मागणं हाय," लुमाजी म्हणाला. "तुमच्यातलं कुणीतरी एक जण वर बसा. मला इचारा. मी उत्तर देतो. मग चोर म्हणा, पाठीवर दगड द्या, फासावर द्या. पण एका माणसानं म्हणा. मला त्याचं तोंड बघायचंय."

लुमाजीनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"हैबत पाटील वाईट होता म्हणं. सुभानाला त्यानं मारलं, हे सगळ्या गावाला ठाऊक हाय. माझ्या चिमीला कुणी मारलं, सांगा की."

म्हातारे सांगतात, लुमाजी दोन दिवस त्या पायरीशी बसला, अन्नपाण्यावाचून. माणसं पाणी भरायला जाताना वळसा घालून जात. दुसऱ्या दिवशी म्हाळसा आली. तिनं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. दुसऱ्या पायरीवर ठेवलं. मागून तिची सून नातवाला घेऊन धावत आली आणि पोर तिच्या पायांवर घातलं. "शपथ तुम्हीच घातली हुती, आत्याबाई. वंश बुडंल म्हणून तुम्हीच म्हणाला हुता." पोर रडायला लागलं. म्हाळसेनं पोर उचललं आणि ती पायऱ्या उतरली. लुमाजीनं तिच्याकडं बघितलं. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं ती मरेपर्यंत म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी पायरी रिकामी होती. तळं तोवर आटून गाळावर आलं होतं. लुमाजी मोरीपाशी सापडला, छातीपर्यंत गाळात रुतलेला, मान पुढं पडलेली. उपाशी अंगानं एकटाच उतरला होता, दोरीशिवाय. त्याला बाहेर ओढलं तेव्हा मूठ उघडत नव्हती. म्हाळसेनं एकेक बोट सोडवलं. मुठीत दट्ट्याचा तुकडा होता. आतून कुजून त्याचा भुगा झालेला. बोटानं दाबला तरी झडत होता.

सगळ्या गावानं तो तुकडा बघितला. म्हाळसेनं तो प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं धरला. "कुणी मारलं याला?"

"मी तर नुस्ता इस्तू दिला नाय," एक जण म्हणाला. "मी नुस्ता पारावरनं उठलो." "मी दार लावलं, माझंच दार हाय." प्रत्येकाचं एवढंसंच होतं. ते सगळं गोळा करून कुणाच्या पदरात घालावं, असं कुणी सापडेना.

त्यानंतर बांधावर बैठक भरली नाही. एकमेकांपुढं बसणं नको वाटायचं. पाऊस चांगला झाला, तळं भरलं, पण पाळीवरनं आता कुऱ्हाडी निघाल्या. कुणाच्या गवताच्या गंजीला आग लागली आणि ती कुणीच लावलेली नव्हती. दाराला कुलूप आलं. दुसऱ्या वर्षी चार कर्ती माणसं घाट उतरून गेली आणि हैबत पाटलाच्या मुलाला घेऊन आली. वाजतगाजत आणलं, असं सांगतात. ज्या दाराला गावानं दगड लावले होते, त्याच दाराला तोरण बांधलं.

नवा पाटील हुशार. त्यानं जुन्या ओट्याला हात लावला नाही, वेशीपाशी नवी चावडी बांधली. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "ते तळ्याचं प्रकरण काय होतं?" लोक खाली बघू लागले. त्यानं सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि त्याला काय समजायचं ते समजलं. तो म्हणाला, "लुमाजीनं मोरी फोडली. गाळात रुतून मेला, त्याला देवानंच शिक्षा दिली. त्याची जमीन चावडीकडं जमा. गावाचा यात दोष नाही."

सगळ्या चावडीनं श्वास सोडला. तो ऐकू आला, म्हणतात. मागचं वर्षभर कुणी असा मोकळा श्वास घेतला नव्हता.

म्हाळसा उठली. "दट्ट्याचा तुकडा माझ्या घरात हाय. कुजका हाय. साऱ्यांनी बघितलाय."

पाटील गावाकडं वळला. अगदी गोड आवाजात म्हणाला, "कुणी बघितलाय का तो तुकडा?"

शंभर माणसं बसली होती. तिचा मुलगा येसजी पुढच्या रांगेत होता.

"कुणीच नाही," पाटील म्हणाला. "बसा, आजी."

म्हाळसा बसली नाही. ती चावडीतून निघाली, सरळ इथं आली आणि तिन्ही पायऱ्या चढून या ओट्यावर बसली. स्वतः घातलेली शपथ तिनं स्वतः मोडली. आणि मोठ्यानं बोलली : "मी म्हाळसा. सुभानाची बायको. चिमा आडली तवा मी अर्ध्या वाटेतनं माघारी आले. मी आले. दुसऱ्या कुणी नाय." एवढंच म्हणाली आणि उतरली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आली, पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. येसजी बायकोपोराला घेऊन गाव सोडून गेला. त्याचं पुढं काय झालं, वंश बुडाला की वाढला, हे उंबरतळ्यात कुणाला ठाऊक नाही. पाटलानं तिला अडवलं नाही. म्हातारी वेडी झाली, एवढं म्हणाला, आणि तेही गावाला सोयीचं पडलं.

ती रोज वाट बघायची, की आपलं झाल्यावर दुसरं कुणीतरी पायरी चढेल आणि आपलं नाव घेईल. अठरा वर्षं बघितली. कुणी आलं नाही. एका दुपारी ती वर चढली, नाव घेतलं, आणि पुढचं बोलायच्या आधीच आडवी झाली.

ती गेल्यावर भर दुपारी ओट्यावरून आवाज येऊ लागला, असं सांगतात. कुणी म्हणतं मोरीतून वारा यायचा. पण बायका पाण्याला जायला भ्यायला लागल्या, तेव्हा गावानं मिळून एक नेम केला आणि म्हाळसेच्या नावानं तो तळ्यावर वाहिला : इथून पुढं गावानं मिळून काही ठरवायचं झालं, तर हात वर करण्याआधी प्रत्येकानं मोठ्यानं आपलं नाव घ्यायचं. मग आवाज थांबला म्हणे.

नेम मोडलेला नाही. ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत ग्रामसभा भरते, सरपंच म्हणतात, "नावं घ्या," आणि आजही सगळं उंबरतळं आपापलं नाव घेतं. फक्त सगळे एकदम घेतात. मधमाश्यांचं पोळं उठावं तसा एक घोंगाट होतो, त्यात कुणाचंच नाव ऐकू येत नाही. मग हात वर होतात, आणि ग्रामसेवक खाली मान घालून वहीत लिहितो : सर्वानुमते.